तोचमामा

टीव्हीवर हिरो आला की तोचमामा सुपारी कातरायला घेतात. हिरोला काय पाहायचं, तो तर पोस्टरवरही असतो. पण हिरोच्या मागे दार उघडणारा नोकर, कोर्टातला सरकारी वकील किंवा ऑपरेशन थिएटरातून मान हलवत बाहेर येणारा डॉक्टर दिसला की अडकित्ता जागीच थांबतो आणि मांडीवर थाप पडते. "अबे, हा तं तोच व्हय ना!"

त्या 'तोच'चं नाव मात्र मामांना कधी सांगता येत नाही. विचारलं तर चिडतात. "नाव काय करतं लेका? तो नाई का, वास्तवमंधी संजय दत्तचा बाप!" म्हणजे शिवाजी साटम. १९९८ साली 'सीआयडी' सुरू झाली आणि अख्खा देश त्यांना एसीपी प्रद्युम्न म्हणू लागला. मामांना त्याचं अप्रूप नव्हतं. दूरदर्शनवरच्या 'एक शून्य शून्य'मधल्या आपल्या मराठी इन्स्पेक्टरला बढती मिळाली, एवढंच. पुढच्याच वर्षी 'वास्तव' आला. मामा हळहळले. "बाप रातदिवस ड्युटीवर. मंग पोरगं गुंड निंगन नाई तं काय?"

मामांच्या हिशेबात नट भूमिका बदलत नाही, नोकरी बदलतो. सगळ्या मालिका आणि सिनेमे मिळून त्याचा एकच जन्म. 'थ्री इडियट्स'मध्ये अच्युत पोतदार वर्गात शिकवत होते, पुढे 'माझा होशील ना'मध्ये आप्पा होऊन घरी बसले. "रिटायर झाले बिचारे. पेन्शन बसली असन." पोतदार २०२५ साली गेले, तेव्हा पेपरात त्यांची माहिती आली. आधी प्राध्यापक, मग फौजेत कॅप्टन, मग इंडियन ऑइलमधली नोकरी, आणि चाळिशी उलटल्यावर सिनेमा. मामांनी तो पेपर चावडीवर चारचौघांत वाचून दाखवला. "पाह्य! म्या नव्हतं म्हटलं? मास्तरच व्हते!"

ही विद्या मामांना महागात पडली ती 'रामायणा'त. १९८७ सालची गोष्ट. गल्लीत एकच टीव्ही, रविवारी सकाळी त्याला हार-उदबत्ती, आणि समोर चपला काढून बसलेले लोक. मंथरेच्या वेशात ललिता पवार दिसल्या तेव्हा मामा "ही आली म्हंजे घर मोडलंच" म्हणाले, ते बायकांनाही पटलं. दशरथ आणि कौसल्या, म्हणजे बाळ धुरी आणि जयश्री गडकर, खरोखरचे नवराबायको आहेत हेही खपून गेलं. पण ऐन लंकेच्या वाटेवर, समुद्रदेव हात जोडून उभा असताना मामा ओरडले, "अबे, हा तं मांगचा ऋषी!" एका आजीने त्यांना टीव्हीसमोरून उठवलं, ते थेट पुढच्या रविवारपर्यंत.

२०२० साली टाळेबंदीत 'रामायण' पुन्हा लागलं आणि देशभरातल्या रिकाम्या डोळ्यांना एकच माणूस कधी ऋषी, कधी राक्षस, कधी समुद्रदेव झालेला दिसला. अस्लम खान. लोकांनी मोबाइलवर त्याची चित्रं फिरवली, खूप हसले. मामा हसले नाहीत. तोंडाला गमछा बांधून, पोलिसांची गाडी चुकवत, ते त्या आजीच्या नातवाच्या दारात जाऊन उभे राहिले. "तुह्या आजीनं मले उठोलतं. आता सांग!"

खरं सांगायचं तर चूक मामांची नाही. शेवटची नामावली आता चॅनेलवाले इतक्या वेगाने पळवतात, की छोट्या नटाचं नाव त्याच्या आईलाही वाचता येऊ नये. पडद्यावर चेहरा तेवढा उरतो, आणि चेहऱ्यांचं दप्तर सांभाळायला गावोगावी असे बिनपगारी तलाठी.

ऐतिहासिक मालिकेत तर त्यांना चेवच येतो. अमोल कोल्हे आधी शिवाजी महाराज झाले, मग संभाजी महाराज, हे शेंबडं पोरही सांगेल. मामांचं लक्ष मागच्या रांगेतल्या भालेकऱ्यावर. "हा मांगच्या सिरेलमंधी आपल्या बाजूनं व्हता. आता मोगलाकून लढून राह्यला!" गावातल्या मास्तरांनी त्यांना एकदा समजावलं, की मामा, सोळाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याच भागातल्या रोहिणखेडच्या रानात अहमदनगरच्या गादीसाठी बुऱ्हाण निजामशहा आणि जमालखान भिडले, तेव्हा जमालखानाची कितीतरी माणसं ऐनवेळी पलीकडे गेली होती. मामा विचारात पडले. मग म्हणाले, "तवा बी कमीच असतीन ना मानसं."

माणसं कमी असतात हे मामांहून कोणाला ठाऊक असणार? गावात कोणाचीही सोयरीक निघाली की बैठकीला एक वजनदार माणूस लागतो. कडक इस्त्रीचं धोतर, पांढरी टोपी, भारदस्त आवाज. हे सामान मामांकडे तयारच असतं. मागे मलकापूरकडे असेच गेले होते. पोहे झाले, शेतीची चौकशी झाली. पोरीचे आजोबा मात्र मघापासून मामांकडेच पाहत होते. शेवटी त्यांनी मांडीवर थाप मारली.

"तुम्ही तेच व्हय ना? मांगच्या साली आमच्या थोरलीले पाहाले आलते! तवा तुम्ही पोराचे मामा व्हते!"

बैठक चिडीचूप. नवरदेवाच्या बापाला घाम फुटला. मामांचा चेहरा मात्र असा उजळला, जसा आजवर कोणत्याच 'तोच'चा उजळला नसेल. "बराबर वयखलं! यावक्ती मोठा काका हाये."

सोयरीक काही जमली नाही. पण आता रात्री जेवणं झाली की त्या आजोबांचा मामांना फोन येतो. सीआयडी चालू असते. खुनी कोण याच्याशी दोघांनाही देणंघेणं नाही. तो याआधी कोण होता, यावर अर्धा तास वाद चालतो.