घड्या तपासणारे काका

काकांनी पग पाळला आहे, असं म्हटलेलं त्यांना खपत नाही. त्यांच्या मते एक पग त्यांच्याकडे तपासणीला आला आहे आणि तपासणी अजून पुरी झालेली नाही. तिला आता चार वर्षं होतील.

काका मूळचे निपाणीचे. नोकरी मात्र सगळी बंगळुरात, जालहळ्ळीच्या एचएमटीत, घड्याळांच्या क्वालिटी कंट्रोलला. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं 1961 साली हा घड्याळ कारखाना सुरू झाला, आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं या देशात जावई रुसला तर एचएमटीसाठी रुसायचा. काकांनी उमेदीची सगळी वर्षं उजव्या डोळ्याला भिंग लावून काढली. तबकडीवर केसाएवढा ओरखडा दिसला की तुकडा तांबड्या ट्रेमध्ये. ते निवृत्त होऊन घरी आले तेव्हा भिंगही बरोबर आलं. मग भाजीवाल्याची दोडकी, पेपर टाकणाऱ्या पोराच्या वेळा, काकूंच्या चपात्यांचा घेर, सगळ्यांची तपासणी झाली. मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो तेव्हा माझीही झाली. ‘हरकत नाही’ असा शेरा मिळाला. काकूंनी नंतर हळूच सांगितलं की हा दुसऱ्या नंबरचा शेरा आहे. पहिल्या नंबरचा त्यांना स्वतःलाही मिळालेला नाही.

पग मुलाचा. मुलगा व्हाइटफील्डला पंधराव्या मजल्यावर राहायचा. कंपनीनं त्याला सिंगापूरला पाठवलं, तेव्हा बायको गेली, मुलगी गेली, फ्रिजवरची चुंबकंसुद्धा गेली. पग राहिला. बसक्या नाकाची कुत्री बऱ्याच विमान कंपन्या घेत नाहीत. सामानाच्या कप्प्यात दम कोंडून दगावण्याची भीती असते. त्याचं नाव काकांनीच ठेवलेलं, पायलट, एचएमटीच्या त्या नावाच्या घड्याळावरून. “नाव पायलट आणि विमानात घेईनात, बघ की,” असं म्हणून काकांनी एक लांबडी, लाल कापडी पाठीची वही काढली आणि पहिली नोंद केली: ‘दोष असल्याने वाहतूकदाराने माल नाकारला.’

ती वही मी पाहिली आहे. तारीख, वेळ, भाग, आढळलेली स्थिती, शेरा असे रकाने आहेत. अक्षर असं की तबकडीवर छापावं.

सकाळी पावणेसहाला काका मनगटावरच्या ‘जनता’ला चावी देतात आणि लगेच पायलटला व्हरांड्यातल्या लाल ऑक्साइडच्या जमिनीवर समोर बसवतात. काकांनी आयुष्यभर घड्याळं तपासली, आता घड्या तपासतात. पगच्या नाकावर जी जाड घडी असते तिच्या आत ओल साचते, मळ धरतो, कातडी लाल होते आणि आंबूस वास मारायला लागतो. काका डाव्या अंगठ्यानं ती घडी उचलतात, कोमट पाण्यात पिळलेला कापूस डावीकडून उजवीकडे एकदाच फिरवतात, मग कोरडा कापूस, मग वास घेतात. स्वतःचं नाक त्या नाकाला टेकवून. हा सोहळा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, काका त्याची पापी घेतायत. तसं बोलून दाखवल्यावर मला पाऊण मिनिट ऐकून घ्यावं लागलं. ते पाऊण मिनिटही मोजलेलं होतं.

घडीनंतर डोळे. पगच्या डोळ्यांना खोबण उथळ, त्यामुळे डोळे पुढे आलेले. “काच केसच्या वर आलेली,” काका म्हणतात, “मग ओरखडा पडणारच की.” अंगणातल्या तुळशीच्या मंजिऱ्या त्यांनी कात्रीनं छाटल्या आहेत, तेही पायलटच्या डोळ्यांच्या उंचीपर्यंतच. वरची तुळस काकूंची, खालची पायलटची.

खरा राग मात्र नाकावर. “घड्याळाची केस लहान करायची तर आतलं मशीनही लहान करावं लागतं. ह्यांनी काय केलं? केस दाबली आणि मशीन तेवढंच ठेवलं!” ह्यांनी म्हणजे पगची पैदास करणाऱ्यांनी. मी पुढे कुत्र्यांच्या डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी सांगितलेलं जवळपास हेच निघालं. तोंड चपटं करत नेलं, पण टाळूच्या मागचा मऊ पडदा होता तेवढाच राहिला. तो श्वासाच्या वाटेवर लोंबतो आणि नाकपुड्या चिरेएवढ्या उरतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ काढून धापा टाकायच्या आणि अंग निववायचं, हाच त्याचा मुख्य उपाय. पगच्या बाबतीत ती वाटच बोळासारखी अरुंद. ज्याला लोक ‘किती गोड घोरतोय’ म्हणतात ती त्या बोळातली चेंगराचेंगरी असते.

काकांच्या खोलीत भिंतीवर तीन चौकटी आहेत: दत्तगुरू, काकांच्या निरोप समारंभाचा ग्रुप फोटो आणि विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकारानं 1745 साली काढलेलं स्वतःचं चित्र, नातीनं सिंगापूरहून छापून पाठवलेलं. चित्रकाराशेजारी त्याचा पग बसला आहे. त्याचं नाव ट्रंप, पण राजकारण इथं आणायचं कारण नाही. त्या पगला चक्क नाक आहे. पायही बऱ्यापैकी लांब. “जुनं मॉडेल,” काका पाहुण्यांना दाखवतात. “हे पास झालं असतं.” चीनच्या दरबारातून हा प्राणी डच व्यापाऱ्यांबरोबर युरोपात आला. नेपोलियनच्या जोसेफिनकडे पग होता आणि लग्नाच्या रात्री तो नवरदेवाला चावला अशी गोष्ट सांगतात. हौशी लोक मात्र त्याचं नाक पिढ्यानपिढ्या आत ढकलत राहिले. ज्या डचांनी तो आणला त्यांच्याच देशात आता नाक फार आखूड असलेल्या कुत्र्यांच्या पैदाशीला बंदी आहे. “म्हणजे डिझाइन परत मागवलं,” काका म्हणतात, आणि पायलटकडे असं बघतात की परत मागवायला कुणी दारात आलं तर कडी लावून घेतील.

सहा वाजता फेरी. गळ्यात पट्टा नाही, छातीवरून जाणारा हार्नेस. श्वासनलिकेवर ताण नको म्हणून. बसवनगुडीतल्या आमच्या लेनपासून डीव्हीजी रोड, तिथून गांधी बाजाराच्या तोंडापर्यंत. हच या मोबाइल कंपनीच्या त्या जुन्या जाहिरातीत पग एका पोराच्या मागं मागं गोवाभर फिरायचा. तेव्हापासून इकडं पगला पग म्हणतच नाहीत. फुलवाल्या ‘हच नायी’ म्हणतात, नायी म्हणजे कुत्रा. त्या कंपनीचं नाव 2007 साली बदललं, पुढं आणखी एकदा बदललं, कुत्र्याचं राहिलं. जाहिरातीतला मागं येतो. पायलट मात्र वीस पावलांनंतर रेंजबाहेर. तो बसतो, मग काका थांबतात. तो उठतो, मग काका चालतात. कोण कुणाच्या मागं जातंय हे त्या जाहिरातवाल्यांनी एकदा गांधी बाजारात येऊन पाहावं.

पायलटला भाषा तीन येतात. ‘बा इल्ली’ म्हटलं की येतो, ‘सिट’ म्हटलं की बसतो आणि मराठीत बोललं की आपल्याला रागावतायत असं समजून कान पाडतो. एकदा त्याला घरघरताना पाहून कोपऱ्यावरची शेवंतीवाली कळवळून म्हणाली, “अय्यो, पाप!” कन्नडमध्ये पाप म्हणजे बिचारा. काका पन्नास वर्षं बंगळुरात आहेत, त्यांना हे पक्कं माहीत आहे. तरी घरी येऊन मला म्हणाले, “पापच आहे. पण ह्याचं नव्हे.”

बंगळूरची हवा थंड, हा इथल्या लोकांचा जुना अभिमान. 2024च्या एप्रिलमध्ये पारा 38च्या वर गेला आणि तो अभिमान ओल्या टॉवेलात गुंडाळून टेबलफॅनसमोर ठेवावा लागला. तो महिना काका माणसांत नव्हते. दुपारी बारा ते चार पायलट लाल जमिनीवर चारी पाय पसरून पडलेला, पोटाखालची जागा तापली की काका त्याला हातभर सरकवायचे. दर वीस मिनिटांनी. जमिनीवर खडूनं चौकोन आखलेले होते.

त्यानंतर नाकपुड्या रुंद करायचं ऑपरेशन ठरलं. काकांनी डॉक्टरांना विचारलं, “किती मिलिमीटर काढणार?” डॉक्टर भला माणूस, हसून म्हणाला, “बघून, अंदाजानं.” त्या एका ‘अंदाजानं’वर काकांनी दोन रात्री जागून काढल्या. ऑपरेशन नीट झालं, घोरणं निम्म्यानं उतरलं, आणि मग वेगळंच सुरू झालं. रात्री आवाज येईना म्हणून काका दर तासाला उठून त्याच्या छातीला कान लावायला लागले. घड्याळ चालू आहे की नाही बघतात तसा. शेवटी काकूंनी पायलटचं अंथरूण काकांच्या पलंगाशेजारी आणलं. आता दोघं घोरतात. काकू हॉलमध्ये झोपतात.

वजन ही काकांची एकमेव हार. पगचं वजन साधारण सव्वासहा ते आठ किलो असावं. जाड झाला की श्वास आणखी कोंडतो, सांधे दुखतात. म्हणून काकांनी जेवण ग्रॅममध्ये बांधून दिलेलं. तरी काटा साडेनऊवर. “टॉलरन्सबाहेर!” काका ओरडायचे.

आमच्या बसवनगुडीचं दैवतच मुळी खादाड. गोष्ट अशी सांगतात की इथल्या शेतातला भुईमूग रोज रात्री एक बैल खाऊन जायचा. त्याला शांत करायला देऊळ बांधलं, तेच दोड्ड बसवण्णाचं, अखंड दगडातला मोठा नंदी. दरवर्षी कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी पहिला भुईमूग त्याला वाहायचा, ती कडलेकाई परिषे. रस्ताभर शेंगांचे डोंगर लागतात आणि अख्खं गाव टरफलांवरून चालतं. त्या गर्दीत पायलटनं एकदा टरफलांसकट मूठभर शेंगा गिळल्या आणि तीन दिवस घराला झोपू दिलं नाही. म्हणतात की तो दगडी नंदीही मोठा मोठाच होत चालला होता. डोक्यावर त्रिशूळ बसवलं तेव्हा वाढ थांबली. काका देवळात हात जोडून उभे होते तेव्हा मी शेजारीच होतो. ते पुटपुटले, “तुझं भागलं. ह्याच्या डोक्यावर काय ठोकू?”

शेवटी चौकशी बसली. संशयित तिघं: काकू, धुणंभांड्याला येणारी बाई आणि मी. तिघांचे जबाब झाले. मी एकदा मारी बिस्किटाचा तुकडा दिल्याचं कबूल केलं, तेवढ्यावरून माझा शेरा ‘हरकत नाही’वरून ‘लक्ष ठेवावे’वर घसरला. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी दुपारी वही घेतली, चष्मा लावला आणि वजनाचे आकडे खालीवर वाचत बसल्या. संध्याकाळी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “अहो, हे रोज थोडं थोडं वाढतंय. शुक्रवारी तेवढं वाढत नाही.”

काका गप्प.

“शुक्रवारी विद्यार्थी भवन बंद असतं,” काकू म्हणाल्या.

1943 सालापासून गांधी बाजारात उभं असलेलं ते हॉटेल. मनगटापासून दंडापर्यंत डोशांच्या बशांची चळत लावून येणारे वेटर, बाहेर खोळंबलेली माणसं, आणि कडेनं तुपात तळल्यासारखा कुरकुरीत झालेला तो डोसा. काका पायलटला फिरवून घरी सोडायचे आणि पेपर आणायला म्हणून परत बाहेर पडायचे. काकूंनी खुंटीवरचा शर्ट आणला. ज्या खिशात पूर्वी भिंग असायचं, त्या खिशावर रुपयाएवढा तुपाचा डाग होता. “बटाट्याची भाजी देत नाही,” काका अगदी हळू आवाजात म्हणाले, “तिच्यात कांदा असतो. कुत्र्याला कांदा विष. नुसता काठ देतो. कोरडा.” वहीत त्या दिवशीच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात नोंद आहे: ‘दोष तपासनिसाचा.’

मागच्या महिन्यात निपाणीला पुतणीचं लग्न होतं. काका-काकू चार दिवस गेले आणि मी हंगामी तपासनीस झालो. तीन पानांची लेखी सूचना, कापूस, खडू, काटा, वही. पहिल्या सकाळी शेऱ्याचा रकाना आला आणि काय लिहावं कळेना, म्हणून मागची पानं चाळली. चार वर्षं, रोज, एकच शेरा: ‘नापास. उद्या पुन्हा तपासावे.’ मीही तेच लिहिलं.

चौथ्या दिवशी रात्री काका आले. चपला काढायच्या आधी त्यांनी पायलटला काट्यावर ठेवलं. दीडशे ग्रॅम जास्त भरला. म्हटलं, काटा जुना झालाय, काका. ते काही बोलले नाहीत. जवळ आले, वाकले आणि माझ्या शर्टाच्या खिशाचा वास घेतला.