एक वार, दोन वार, भोपळा!

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एक निवृत्त गुरुजी राहतात. आठवडी बाजारात भोपळ्याची फोड घेताना ते पाच रुपयांसाठी भाजीवालीशी पाव तास हुज्जत घालतात आणि निघताना वर कढीपत्त्याच्या चार काड्या फुकट मागून घेतात. हेच गुरुजी वर्षातून एका रविवारी चर्चच्या अंगणात उभे राहून भोपळ्याला अकराशे रुपयांची बोली लावतात. तीही खणखणीत आवाजात.

त्या रविवारी हंगामाचा सण असतो. मंडळीतला जो तो शेतातलं, परसातलं, नाहीतर निदान किराणा दुकानातलं काहीतरी आणून वेदीपुढे ठेवतो. बाजरीची कणसं, उसाची मोळी, पपया, अंडी, गावरान कोंबडी. पाय बांधलेल्या कोंबडीला नेमकी पाळकसाहेबांच्या प्रार्थनेतच साक्ष द्यावीशी वाटते. या सणाचं आजचं रूप मूळचं विलायती. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात, मॉर्वेनस्टो गावच्या रॉबर्ट हॉकर या धर्मगुरूंनी 1843 साली चर्चमध्ये त्याची सुरुवात केली. भक्तीनंतर या वस्तूंचा होणारा लिलाव मात्र आपल्याकडे असा काही रुजला आहे, की हॉकरसाहेब आज आले तर त्यांनाही कोणीतरी कोपराने ढोसून म्हणेल, ‘बोला साहेब, गप्प का?’

एरवीच्या रविवारी दान कसं गोळा होतं ते पाहिलं, की लिलावाची महती कळते. गीत सुरू होतं आणि मखमली थैली बाकांमधून फिरू लागते. गुरुजी डोळे मिटून गात असतात, पण उजवा हात खिशात अभ्यास करत असतो. दहाची नोट कोणती आणि पन्नासची कोणती, हे न बघता बोटांनी ओळखायला चाळीस वर्षांची उपासना लागते. हात थैलीत जातो तेव्हा मूठ झाकलेली असते, बाहेर येतो तेव्हा उघडी. मधे काय घडलं ते देव जाणे आणि खजिनदार जाणे. एसटीच्या कंडक्टरने परत केलेली, मधोमध चिकटपट्टी लावलेली नोट शेवटी कुठे विसावते, हेही खजिनदारच जाणे.

यरुशलेमच्या मंदिरात ही झाकल्या मुठीची सोय नव्हती. तिथे दानाच्या 13 पेट्या होत्या आणि त्यांचा आकार तुतारीसारखा होता, असं यहुद्यांच्या मिश्ना ग्रंथात आहे. धनवानाने नाणी ओतली की चांगला खणखणाट होत असणार. मार्कच्या शुभवर्तमानातल्या गरीब विधवेने दोन दमड्या टाकल्या, त्यांचा आवाज तो काय होणार! पण येशूने हिशेब उलटा मांडला. सगळ्यांत जास्त तिनेच टाकलं. बाकीच्यांनी उरल्यासुरल्यातलं दिलं, तिने पोटातलं दिलं. पुढे मखमलीने दानाचा आवाज बंद केला, तो आता क्यूआर कोडने परत आणला आहे. उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये अशी शिकवण, आणि इथे ऐन प्रार्थनेत साउंडबॉक्स अख्ख्या मंडळीला सांगतो, ‘दहा रुपये प्राप्त झाले.’

गुरुजींचा खास अभ्यासाचा विषय म्हणजे दशमांश. अब्राहामाने मलकीसदेकाला लुटीचा दहावा भाग दिला आणि मोकळा झाला. त्याला वेतन आयोग नव्हता. गुरुजींपुढे मात्र प्रश्न उभे राहतात. पेन्शन कापण्याआधीची धरायची की हातात पडते ती? महागाई भत्त्याच्या फरकावर दशमांश लागतो का? मुलाने पुण्याहून पाठवलेले पैसे हे उत्पन्न की माया? एकदा त्यांना मत्तयच्या शुभवर्तमानात आधार सापडला. पुदिना, शेप आणि जिरं यांचाही दहावा हिस्सा मोजणाऱ्या परूशांना येशूने चांगलंच झापलं आहे.

‘बघ, इतकं बारीक मोजू नये,’ गुरुजी म्हणाले.

‘पुढचं वाचा,’ गुरुजींच्या पत्नी, म्हणजे बाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या. ‘न्याय, दया, विश्वास पाळा म्हटलंय, आणि तेही सोडू नका म्हटलंय. शेपूची जुडी मी सणाच्या पिशवीत टाकलीय.’

नगरच्या मंडळ्यांना हा हिशेब नवा नाही. अमेरिकन मराठी मिशन 1831 साली नगरला आलं, तेव्हा पैसा बोस्टनहून येत असे. तिथल्या मिशन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन 1854-55 साली स्वतः भारतात येऊन गेले. मंडळीने आपला कारभार आपण चालवावा, आपला पाळक आपण पोसावा, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं रास्त होतं, पण मंडळीतले पुष्कळ जण बलुत्याच्या भाकरीवर जगणारे. पोसणाऱ्याचंच पोट हातावर!

कवी नारायण वामन टिळक यांचं टोक दुसरं. त्यांनी 1917 साली मिशनचा पगारच सोडून दिला. एरवीही त्यांच्या हातात पैसा ठरत नसे. मग संसाराची तोंडमिळवणी कशी व्हायची, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिलं आहे. ते वाचताना हसू येतं आणि हसताना लक्ष्मीबाईंचीच बाजू घ्यावीशी वाटते.

मिझोरामच्या ख्रिस्ती बायकांनी दशमांशाची आकडेमोडच टाळली. भात रांधताना दर वेळी एक मूठ तांदूळ बाजूला काढायचा. चर्च तो गोळा करून विकतं. 1910 पासूनचा हा रिवाज आज कोटींची रक्कम उभी करतो. कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड ठाऊक असलेल्यांना त्याचं नवल वाटणार नाही. हे ऐकून बाईंनीही ओट्यावर डबा ठेवला. गुरुजींनी एकच दुरुस्ती सुचवली: मूठ नातवाची धरावी.

तर असे हे गुरुजी लिलावात उभे राहतात आणि बदलतात. देव आनंदाने देणाऱ्यावर प्रीती करतो, असं पौलाने करिंथकरांना कळवलं. तिथला मूळ ग्रीक शब्द आहे हिलारोस. इंग्रजीतला ‘हिलेरिअस’ त्याच घराण्यातला. यंदा सेक्रेटरींनी भोपळा डोक्यावर धरून पुकारा सुरू केला. शंभर, दीडशे, दोनशे. मुंबईहून आलेले एक पाहुणे पाचशेवर गेले. गावची अब्रू भोपळ्यावर येऊन ठेपली. ‘सातशे!’ गुरुजी ओरडले. पाहुणे हजारावर गेले. गुरुजींनी डोळे मिटले, या खेपेला खिसा न चाचपता. ‘अकराशे!’ एक वार, दोन वार, तीन वार. टाळ्यांमध्ये कोंबडीनेही आपलं मत नोंदवलं.

घरी येऊन त्यांनी भोपळा दिमाखात ओट्यावर ठेवला. बाईंनी तो फिरवला, देठाजवळ बोट ठेवलं.

‘अहो, हे नख मी लावलंय. कोवळा आहे का बघत होते. हा आपल्याच परसातला, काल मीच दिला चर्चमध्ये.’

गुरुजींनी चष्मा लावून नखाची खूण नीट पाहिली.

‘तरीच,’ ते म्हणाले, ‘बाजारात असा माल मिळत नाही.’