मागून आवाज यायलाय

शहागडला महामार्गाच्या कडेला एखादी जुनी फोर व्हील पिकअप थांबली आणि ड्रायव्हरनं खाली उतरून "मागून आवाज यायलाय" एवढं नुसतं पुटपुटलं, तरी निदानाला माणसं कमी पडत नाहीत. हातात चहाचा कप असलेला प्रत्येक जण तज्ज्ञ असतो. एक जण टायरला लाथ मारतो. दुसरा गाडीखाली वाकतो आणि काहीतरी सापडल्यागत 'हं' करतो. तिसऱ्याच्या मेव्हण्याच्या गाडीला गेल्या साली अगदी हाच आवाज होता. कप रिकामे होईपर्यंत मतदान उरकतं आणि निकाल बहुधा बिनविरोध लागतो: डिफरन्शियल! गाडी कुणी चालवून पाहिलेली नसते, ऑइलमध्ये कुणी बोट घातलेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच, की सरपंच बहुमतानं निवडावा, आवाजाचं कारण निवडू नये. डिफरन्शियलच्या बाबतीत तर बहुमत हटकून चुकतं, आणि त्याची कारणं गाडीत थोडी नि आपल्यात जास्त आहेत.

आधी ज्याच्यावर आळ आलाय त्याची ओळख करून घेऊ. समर्थ साखर कारखान्याकडं निघालेली उसाची बैलगाडी वळते, तेव्हा बाहेरच्या अंगाच्या बैलाला लांबून चालावं लागतं आणि आतला जवळपास जागच्या जागी पाय बदलतो. गाडीच्या मागच्या दोन चाकांचंही वळणावर तेच होतं. फक्त बैलाला ते उपजत कळतं, चाकाला शिकवावं लागतं. ही शिकवणी डिफरन्शियल करतो. १८२०च्या दशकाच्या अखेरीस ओनेसिफोर पेक्योर या फ्रेंच माणसानं वाफेच्या गाडीसाठी ही युक्ती केली, आणि १९४७ साली महिंद्रानं मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली तेव्हा ती चारही चाकं ओढणाऱ्या अवतारात आपल्याकडं जोडली जाऊ लागली. फोर व्हील गाडीत डिफरन्शियल एक नसतो, दोन असतात. शिवाय गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढं-मागं जाणारे दोन प्रोपेलर शाफ्ट, त्यांच्या सांध्यांचे क्रॉस, चार चाकांची बेअरिंगं आणि चार टायर. एवढे संशयित हजर असताना 'मागून' या एका शब्दावर शिक्षा सुनावणं धाडसाचं आहे. कारण आवाज चेसिसच्या लोखंडातून चालत जातो आणि रिकाम्या हौद्यात घुमतो. पुढच्या शाफ्टची कुरकुर मागं ऐकू येते. हौद्यात मोसंबीची कॅरेट रचली की पत्रा गप्प बसतो, आणि 'बघा, आपोआप बंद झाला' म्हणत मालक निर्धास्त होतो. परतीच्या रिकाम्या फेरीत दुखणं पुन्हा हजर.

म्हणून आवाज नुसता ऐकून भागत नाही, त्याला प्रश्न विचारावे लागतात, तेही एका वेळी एकच. पहिला प्रश्न: तू इंजिनाच्या तालावर आहेस का चाकाच्या? ताशी ४० किलोमीटरला गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चालवायची, मग त्याच वेगाला चौथ्यात. इंजिनाचे फेरे उतरले तरी आवाज ढिम्म हलला नाही, तर इंजिन सुटलं. भानगड गिअरबॉक्सच्या पलीकडं आहे. आता या आवाजाची पट्टी बघा. साधारण ७० सेंटिमीटर व्यासाचं टायर ताशी ४० ला सेकंदाला पाचेक फेरे घेतं. डिफरन्शियलला फिरवणारा छोटा गिअर म्हणजे पिनियन. तो टायरच्या चौपट फिरतो, म्हणजे वीस. त्याला दहा दात असतील, तर सेकंदाला दोनशे वेळा दाताला दात भिडतो, आणि आपल्याला ऐकू येते ती ही सलग हूंऽऽ. वेग ८० केला की दोनशेचे चारशे होतात आणि स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. हार्मोनियम वाजवणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही, आणि भजनी मंडळात बसणारे ड्रायव्हर आपल्याकडं कमी नाहीत. उलट चाकाच्या फेऱ्यागणिक एकदाच 'टक' होत असेल, तर संशय पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या गिअरच्या, म्हणजे क्राऊनच्या दातावर, नाहीतर टायरमध्ये रुतलेल्या खिळ्यावर. दुसरी शक्यता फुकटात तपासता येते, म्हणून ती आधी तपासावी.

दुसरा प्रश्न पायाचा. ॲक्सिलरेटर दाबला की आवाज वाढतो, का सोडला की? पिनियनचा दात ओढताना एका अंगानं क्राऊनला ढकलतो आणि गाडी सोडल्यावर दुसऱ्या अंगानं अडवतो. त्यामुळं फक्त दाबल्यावर येणारी रडगाणी आणि फक्त सोडल्यावर येणारी रडगाणी वेगळी असतात. दाबा-सोडा काही करा, खरखर तशीच राहिली, तर दातांपेक्षा बेअरिंगकडं बघावं. तिसरा प्रश्न वळणाचा. मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी हलकेच डावीकडं झुकवली की वजन उजव्या चाकांवर येतं. तेवढ्यात घुमणं वाढलं तर उजव्या बाजूच्या चाकाचं बेअरिंग बोलतंय. डिफरन्शियलच्या पोटातले छोटे गिअर मात्र सरळ रस्त्यावर एकमेकांवर फिरतच नाहीत. त्यांचं दुखणं सोलापूरपर्यंत मुकाट बसेल आणि बाजाराच्या गल्लीत वळताना कटकट करील. आणि गाडी उचलताना किंवा पाय दाबता-सोडताना 'खट्ट' होत असेल, तर आधी क्रॉस बघा. त्याच्या टोपीभोवती तांबूस भुकटी दिसली, की ग्रीस कधीच संपलंय आणि आता लोखंड लोखंडाला खातंय.

फोर व्हीलची खास गंमत अजून बाकी आहे. गाडी गोदावरीच्या पात्रातल्या वाळूत किंवा पावसाळ्यातल्या काळ्या मातीत रुतते, म्हणून ड्रायव्हर दांडा ओढून चारही चाकं लावतो. गाडी निघते. निघाल्याच्या आनंदात दांडा तसाच राहतो आणि स्वारी डांबरी रस्त्याला लागते. अशा जुन्या गाड्यांत पुढचं-मागचं जोडलं, की त्या दोघांत समेट घडवायला तिसरा डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबून जातात आणि तो फरक मुरवायला जागाच उरत नाही. मातीत चाक जरासं घसरून हिशोब चुकता करतं, डांबर ते करू देत नाही. मग शाफ्टला पीळ बसतो, टायर करवादतात, स्टिअरिंग जड होतं आणि दांडा सुटता सुटत नाही. पुढं गुळगुळीत टायर आणि मागं कोरे करकरीत टाकले असतील, तर सरळ रस्त्यावरही हाच तंटा. याला मी बिघाड म्हणत नाही, विसरभोळेपणा म्हणतो. त्याला स्पेअर पार्ट मिळत नाही. बरं, दांडा टू व्हीलवर आणला म्हणून पुढचा डिफरन्शियल सुटला असंही नाही. चाकं फिरतात तोवर तीच त्याला उलटं फिरवत राहतात. पुढच्या चाकांचे हब फ्री केले, की तो खरा थांबतो. तेव्हा आवाजही थांबला, तर 'मागून' येणारा आवाज पुढून येत होता. एक सूचना हसण्यावारी नेऊ नये: मागची चाकं जॅकवर उचलून तपासणी करताना गाडी फोर व्हीलमध्ये असेल, तर पुढची चाकं तिला ओढून जॅकवरून उतरवतील.

आता आक्षेप. पहिला हमखास येतो: "जुना मिस्त्री नुसत्या कानानं सांगतो, तुमची ही प्रश्नावली कशाला?" सांगतो, यात वाद नाही. पण तो सांगण्याआधी काय करतो तेही बघा. शेजारी बसून गप्पा मारत तो गाडी गोदावरीच्या पुलापर्यंत न्यायला लावतो. मध्येच "सोड पाय" म्हणतो, "दाब आता" म्हणतो, खड्डा चुकवायच्या निमित्तानं डावं-उजवं करायला सांगतो. उतरल्यावर चाकं उचलून फिरवायला लावतो आणि लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक डिफरन्शियलच्या हाउसिंगला टेकवून मूठ कानाला लावतो. म्हणजे प्रश्न त्यानंही सगळे विचारले, फक्त कागदावर लिहिले नाहीत. ज्याचं नाव मोठं, त्या मिस्त्रीचा कान प्रश्न विचारून तयार झालेला असतो. टपरीवरच्या मंडळाचा कान थेट उत्तरावरच उघडतो.

दुसरा आक्षेप वेळेचा: "हंगाम चालू आहे, माल थांबत नाही, खोला आणि टाका नवीन." इथंच बहुमत सगळ्यात महाग पडतं. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनं जुळवलेले असतात. एक बदलून भागत नाही. त्यांच्यातली फट मिलिमीटरच्या अंशात असते, ती शिम म्हणजे पातळ चकत्या घालून-काढून बसवावी लागते, आणि दातांना रंग लावून ठसा कुठं उमटतो ते बघावं लागतं. एवढं सबुरीनं करणारा हात मिळाला तर उत्तम. नाहीतर क्रॉसच्या आवाजापायी उघडलेला धडधाकट डिफरन्शियल बंद होतो तो रडतच बंद होतो. मग सगळे म्हणतात, "बघा, तोच होता!" चाचणीला पुलापर्यंतची फेरी लागते, खोलून परत जुळवायला दिवस जातो, घाई असलेल्या माणसानं तर आधी चाचणीच करावी.

तिसरा आक्षेप तत्त्वज्ञानाचा: "जुनी गाडी आहे, आवाज करणारच. जाड ऑइल टाका आणि चालू द्या." यातलं अर्धं मला मान्य आहे. वर्षानुवर्षं त्याच वेगाला त्याच पट्टीत हूं करणारा डिफरन्शियल हा त्या गाडीचा स्वभाव समजावा. काळजी बदललेल्या आवाजाची करायची. पिनियनचं बेअरिंग ढिलं पडलं, तर पिनियन जागा सोडतो, दात तुटतात, आणि एखादा तुकडा अडकून मागची चाकं भर रस्त्यात जाम होऊ शकतात. तिथं 'चालू द्या' हा शब्द खरा करायला गाडीच तयार नसते. जाड ऑइलचं म्हणाल, तर ते आवाज दाबतं, झीज थांबवत नाही. लाकडाचा भुसा घालून घरघर झाकायची जुनी करामतही त्यातलीच. तिचा उपयोग गाडी चालवणाऱ्याला शून्य, विकणाऱ्याला पुष्कळ.

तेव्हा क्रम ठरवावा तो स्वस्ताकडून महागाकडं. टायर आणि हवा बघा. फिलर प्लग काढून बोट घाला. ऑइल भोकाच्या काठाला लागलं पाहिजे. त्याला गंधकाचा कुजका वास येत असेल तर घाबरू नका, तो त्याचा धर्मच आहे. रंग दूध घातलेल्या चहासारखा असेल, तर मात्र पाणी शिरलंय: तापलेलं हाउसिंग गार पाण्यात उतरलं, आतली हवा आकसली, हवा ये-जा करायचं भोक, म्हणजे ब्रीदर, चिखलानं बंद म्हणून तिनं सीलमधून पाणी ओढून घेतलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप चालेल, लोखंडाची कपची चालणार नाही. मग क्रॉस, मग चाकांची बेअरिंगं, आणि हे सगळं निर्दोष ठरल्यावर हाउसिंगच्या बोल्टला पाना. हा क्रम अवघड नाही, खर्चिक नाही, आणि तरी कुणाला आवडत नाही. कारण 'क्राऊन पिनियन नवीन टाकलं' हे वाक्य चार लोकांत खाकरून सांगता येतं; ऐकणारा मान डोलावतो, आकडा विचारतो, दुसरा चहा मागवतो. 'अर्धा लिटर ऑइल कमी होतं, भरलं, आवाज गेला' असं सांगणाऱ्याच्या चहाचे पैसे आजवर कुणी दिलेले नाहीत.