जोड काखेत घालावा

अहो, ऐकलंत का? ती ठोकाठोक थांबली एकदाची! हो हो, तीच, मागच्या गल्लीतल्या भाऊजींची. टेबल झालं म्हणे पुरं. पण कसं झालं ते मला विचारा. मी तिथेच होते, विरजण मागायला गेले होते ना…

तर नातवंडं मे महिन्यात पुण्याहून यायची, म्हणून टेबल टेनिसचं टेबल घरीच करायचं ठरलं. कॅरम नको, तो काय सगळ्यांकडेच असतो. बँकेतून रिटायर झालेला माणूस, हात शिवशिवतात. भनपुरीला जाऊन १९ एमएमचे दोन प्लाय आणले, रिक्षावर आडवे बांधून. आमच्या अख्ख्या तात्यापारा मोहल्ल्यानं पाहिलं. टेबलाचे भाग दोन, म्हणून प्लाय दोन. हिशेब कसा, चोख!

मिस्त्री आला. प्लायकडे बघितलं, बिडी कानामागे खोचली आणि म्हणाला, "बाबूजी, प्लाय ह त आठ-चार के आथे." बस्स, एवढंच. भाऊजींना आधी कळेचना. मग उजेड पडला. टेबल ९ बाय ५ फुटी, म्हणजे एकेक भाग साडेचार बाय पाच. आणि प्लायची रुंदी चारच! आडवा धरा की उभा, बसायचा नाहीच. अहो, चेहरा असा काही उतरला… जन्मभर दुसऱ्यांची खाती तपासली, आणि घरच्या टेबलात सहा इंच कमी! उरलेल्या तुकड्यातून पट्टी काढावी, तर तोही चारच फूट. झालं, तिसरा प्लाय आला. वहिनींनी किंमत विचारली नाही. त्या विचारत नाहीत ना, तेव्हाच मला धडकी भरते.

आणि रंग! हिरवा ऑइल पेंट मारला, चकचकीत. ट्यूबलाइट लावली की टेबलात दुसरी ट्यूबलाइट दिसायची. या टेबलाला चमक चालत नाही म्हणे. मग बसले दोन दिवस पॉलिश पेपर घासत. आमचे हे तर म्हणाले… जाऊ दे, यांचं काय!

तर काय सांगत होते, जोड. सहा इंची पट्टी लावायची कुठे? भाऊजी म्हणाले, मागच्या कडेला, काठासारखी शोभेल. मिस्त्री नुसता मान हलवतोय. लांबचा चेंडू नेमका तिथेच पडणार की हो! तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज, "ब्लाऊजपीस कमी पडला तर जोड कुठे घालतो आपण? काखेत! नेटला लागून घाला पट्टी, तिथे चेंडू कमी येतो." सगळे गप्प. मिस्त्रीनं हातोडी खाली ठेवली आणि म्हणाला, "माई सही कहत हे." तेव्हाचं भाऊजींचं तोंड तुम्ही पाहायला हवं होतं.

मग परीक्षा. ३० सेंटिमीटरवरून चेंडू सोडायचा, तो २३ उसळला पाहिजे, असा नियमच आहे. भाऊजी फूटपट्टी धरून ओणवे. मधोमध टाकला, २३. कडेला टाकला, २३. वा वा झालं! मग जोडावर टाकला, तर… थप्प. निम्म्यातच बसला. आता बोला! खाटेवरून भाऊजींच्या घरच्या म्हाताऱ्या आजोबांचा आवाज आला. त्यांनी १९५२ साली मुंबईतली वर्ल्ड चॅम्पियनशिप पाहिली आहे, माहीत आहेच तुम्हाला, शंभरदा ऐकलंय. म्हणाले, "तेव्हा त्या जपानच्या सातोच्या बॅटला आवाज नव्हता, स्पंजची होती. इथे टेबलालाच नाही!" मी पदर तोंडाला लावला, काय करणार.

मग मिस्त्रीनं जोडाखालून फेविकॉल लावून सागवानी पट्टी मारली, तेव्हा कुठे चेंडू जिवंत झाला. सालाचं लाकूड नको म्हणाला, वाळताना पिळतं.

आणि परवा महाराष्ट्र मंडळात हेच भाऊजी चारचौघांत काय सांगत होते, माहितेय? "जोड नेटजवळ घ्यायची आयडिया माझी!" वहिनी शेजारीच उभ्या. अक्षर बोलल्या नाहीत, फक्त पदर नीट केला.

आज सकाळी त्यांच्या गच्चीकडे नजर टाका. टेबलावर धुतलेली चादर आणि चादरीवर कुरडया, ९ बाय ५ पुरं भरलंय. भाऊजी छत्री घेऊन कावळे हाकताहेत.