डोक्यावरचं मखर

आमच्या घरात सगळ्यात जास्त जागा अडवणारी वस्तू म्हणजे मी, असं आईचं मत आहे. 2019 च्या डिसेंबरात काही आठवडे हा मान एका हेल्मेटकडे गेला.

लेकीला कॉमिक कॉनला जायचं होतं. गोरेगावला, नेस्कोत. तिथे नुसतं तिकीट काढून जाणारे वेगळे आणि वेष करून जाणारे वेगळे, असं तिनं मला समजावलं. लग्नात जेवायला जाणारे आणि वरातीत नाचणारे, असं मी ते समजून घेतलं. तिला व्हायचं होतं 'स्टार वॉर्स'मधला स्टॉर्मट्रूपर, म्हणजे दुष्ट साम्राज्याचा पांढराशुभ्र शिपाई. तयार पोशाखाची किंमत ऐकली आणि मी म्हणालो, "घरी करू." वीस वर्षं गणपतीचं मखर मीच करतोय. हेल्मेट म्हणजे डोक्यावर घालायचं मखर, यापलीकडे माझी कल्पना गेली नव्हती.

सुरुवातही मखराच्याच मालानं झाली. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा जुने खांब टाकवेनात म्हणून मी ते चादरीत गुंडाळून माळ्यावर दडवले होते. त्यातून कानांवरच्या दोन गोल टोप्या कोरल्या, पॉलिश पेपरनं गुळगुळीत केल्या, गॅलरीत नेऊन ऐटीत पांढरा स्प्रे मारला. स्प्रेच्या रंगातलं द्रावण थर्माकोल खातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चहात साखर बसावी तशी टोपी डोळ्यांदेखत खाली बसत गेली. शेवटी उरली ती नुसती रंगाची साय.

"सिनेमातही असंच होतं का?" बायकोनं विचारलं.

मग कागदाकडे वळलो. हेल्मेटचे उलगडलेले तुकडे जाड कागदावर छापायचे, कापायचे आणि आकडे जुळवून चिकटवायचे. सदतिसाला सदतीस, अडतिसाला अडतीस. तीन रात्री मी हेच करत होतो. छापताना प्रिंटरनं 'फिट टू पेज' असं काहीतरी विचारलं होतं, आणि कागदावर नीट बसावं ही तर चांगलीच गोष्ट, म्हणून मी हो म्हटलं होतं. त्या एका होकारापायी प्रत्येक पान थोडं थोडं आकसलं. तयार झालेलं हेल्मेट कुणाच्याच डोक्यात जाईना. आईनं ते उचललं आणि कलशावरच्या नारळाला घालून पाहिलं. तंतोतंत बसलं.

दुसऱ्या वेळी मापं नीट घेतली. वर हातचे म्हणून दहा टक्के वाढवले. त्यावर आतून-बाहेरून फेव्हिकॉलमध्ये भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे थर दिले. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा या सोंगांच्या उत्सवाचे मुखवटे कागदाच्या लगद्यातून घडवतात. त्यांच्या हाताला पिढ्यांची सवय, माझ्या हाताशी रविवारची पुरवणी. चार दिवस हेल्मेट पंख्याखाली वाळत होतं आणि आम्ही उकाड्यात. वाळल्यावर घालून पाहिलं, तर आतून बरोबर नाकासमोर राशिभविष्य आलं होतं. माझ्याच राशीचं. प्रवास टाळावा.

लेकीनं ते घातलं आणि "कसं दिसतंय?" म्हणत मान वळवली. मान वळली. हेल्मेट समोरच बघत राहिलं. हातचे दहा टक्के नडले होते. घरात एवढं डोकं एकाचंच होतं.

"तूच घाल," ती बराच वेळ गप्प राहून म्हणाली. "पण बाबा, आत तू आहेस हे कुणाला कळता कामा नये."

अट मला पटली. जयंत नारळीकरांनीसुद्धा 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली पहिली विज्ञानकथा पाठवली, ती आद्याक्षरं उलटी करून, 'नारायण विनायक जगताप' या नावानं. एवढा मोठा शास्त्रज्ञ नावाचं हेल्मेट घालून उतरला, मग मुलुंडच्या कारकुनानं कागदाचं घालायला काय हरकत? फरक इतकाच, की त्यांना बक्षीस मिळालं.

छातीचं चिलखत लेकीच्या बालपणातून आलं. फोमच्या त्या रंगीत चटया, एबीसीडीची अक्षरं एकमेकींत अडकणाऱ्या, पलंगाखाली होत्याच. बायकोच्या ड्रायरनं फोम गरम केला की वाकतो आणि गार झाला की तसाच राहतो. (ड्रायरचं पुढे काय झालं, तो विषय आमच्याकडे अजून काढत नाहीत.) वरून मी साम्राज्याचा शिपाई, आतून छातीशी एक निळा हत्ती. डोळ्यांसाठी शेजारच्या काकांनी गाडीच्या काचेची काळी फिल्म दिली. सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये गाड्यांना ती मना केली, तेव्हापासून त्यांच्याकडे गुंडाळी पडून होती. थर्माकोल काय, फिल्म काय, साम्राज्य असं बंदीच्या मालावर उभं राहत होतं.

"पण या वस्तूचा उपयोग काय?" हा बायकोचा प्रश्न रोजचा. योगायोग असा की हाच प्रश्न ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. सिनेमासाठी ही हेल्मेटं प्लॅस्टिकमध्ये ओढून देणारे अँड्र्यू एन्सवर्थ पुढे ती स्वतःच विकायला लागले, आणि लुकासफिल्मनं त्यांना कोर्टात खेचलं. हेल्मेट हे शिल्प ठरलं असतं, तर कॉपीराइट दीर्घकाळ टिकला असता. 2011 मध्ये निकाल लागला: हे शिल्प नव्हे, सिनेमा करताना उपयोगी पडणारी वस्तू. आमच्या घरचा निकाल याच्या नेमका उलट. उपयोग शून्य, तेव्हा शिल्पच, आणि शिल्पं घरात नकोत.

मी बाजू मांडली, की त्या सिनेमावाल्यांनीही असंच घरगुती सामान वापरलं. त्यातल्या गाजलेल्या प्रकाशाच्या तलवारीची मूठ म्हणजे जुन्या प्रेस कॅमेऱ्याच्या फ्लॅशची दांडी. 1980 च्या भागात सगळे जीव घेऊन पळत असताना एक माणूस चक्क आइस्क्रीमचा पॉट काखोटीला मारून पळतो. हे ऐकून आईला त्या सिनेमाबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. मग लेकीनं मोबाइलवर आणखी एक गंमत दाखवली. 1977 च्या पहिल्या सिनेमात एक ट्रूपर दारातून आत शिरताना डोकं आपटून घेतो. चूक तशीच राहिली. 2004 च्या डीव्हीडीत तिला 'ठक्' असा आवाजही दिला. आम्ही सगळे पोट धरून हसलो. मी जरा जास्तच.

त्या दिवशी मुलुंडहून लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं अंधेरी. हेल्मेट रेशनच्या पिशवीत. मेट्रोच्या तपासणीला पिशवी यंत्रातून गेली, पडद्यावर कवटीसारखं काहीतरी उमटलं, आणि पट्टा थांबला.

"ये क्या है?"

"हेल्मेट."

"गाडी कहाँ है?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. लेक चार पावलं पुढे जाऊन मेट्रोचा नकाशा वाचू लागली.

नेस्कोत मात्र मी उभा राहिलो तो जिंकल्यासारखा. आत वाफ धरू नये म्हणून जुन्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा नऊ व्होल्टच्या बॅटरीवर बसवला होता. तो घरघरत होता आणि फेव्हिकॉलचा वास नाकात सोडत होता. समोरचं दिसत नव्हतं, खालचं तर नाहीच. बसता येत नव्हतं, वडापाव खाता येत नव्हता. पण ओळख कुणाला लागणार नव्हती. तेवढ्यात कॉलेजातल्या मुलांचं एक टोळकं समोर आलं.

"काका, एक फोटो?"

काका! नखशिखान्त चिलखत, तोंडावर हेल्मेट, डोळ्यांवर काळी फिल्म. तरी काका! मी वाकून पाहायचा प्रयत्न केला. चिलखताचे दोन तुकडे जिथे मिळायचे, तिथे ते पोटापायी मिळाले नव्हते, आणि मधल्या फटीतून गंजीफ्रॉक डोकावत होता.

रात्री घरी पोचलो. आई मालिका पाहत होती. तिला एकदा पूर्ण वेषात दाखवावं म्हणून जिन्यातच हेल्मेट चढवलं, पंखा लावला आणि झोकात घरात शिरलो. चौकट कपाळावर आली. आवाज वेगळा घालायची गरज पडली नाही.

"अगं बाई," आई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "दाराला लागलं का रे?"