दिवसा झोपणाऱ्यांच्या बाजूने

ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्र म्हणजे काय ते पक्कं ठरलेलं आहे. रात्री १० ते सकाळी ६. २००० सालच्या या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल, दिवसा ५५. वस्तीत रात्री बांधकामाची दणदणाट करणारी यंत्रं चालवायला बंदी. नियम चांगला आहे, आणि तो पाळला जावा म्हणून आपल्याकडच्या माणसांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. पण सकाळी सातला ड्यूटी संपवून घरी येणारा माणूस या नियमात कुठेच बसत नाही. त्याची रात्र साडेनऊच्या सुमाराला सुरू होते, आणि तेव्हाच वरच्या मजल्यावर मिस्त्री ड्रिलचा प्लग लावतो.

वर्तमानपत्राच्या रात्रपाळीत मी बरीच वर्षं काढली. शहर आवृत्तीचं शेवटचं पान सोडायचं, पहिली प्रत चाळायची आणि पहाटेच्या पहिल्या लोकलची वाट बघायची. शेवटची कर्जत निघून गेली की चारच्या सुमारापर्यंत गाडी नाही, हे आमचं वेळापत्रक. त्या पहिल्या गाडीत रोज भेटणारी माणसं कोण होती? वॉर्डमधल्या सिस्टर, बँकांच्या एटीएमचे रखवालदार, हॉटेलातले वाढपी, पालिकेच्या पाणीखात्यातले चावीवाले. चावीवाला पहाटे योग्य वेळी व्हॉल्व्ह फिरवतो म्हणून आपल्या टाकीत पाणी पडतं. ज्या इमारतीला तो पाणी देतो तिथेच कुठेतरी तो राहतो, आणि दुपारी बाराला त्याच इमारतीत त्याच्या डोक्यावर फरशी फोडली जाते. शहर ज्यांच्या जिवावर सकाळी उठतं त्यांना झोपायला मात्र जागा ठेवलेली नाही.

आता सोसायटीचा नियम बघा. दुरुस्तीचं काम सकाळी नऊ-दहा ते संध्याकाळी सहा, आणि दुपारी दोन ते चार बंद. ही सुट्टी कोणासाठी? जेवून तासभर आडवं होणाऱ्यांसाठी. त्यांच्या विश्रांतीबद्दल मला आदर आहे. पण ज्याची आख्खी झोपच नऊ ते तीन या वेळेत आहे, त्याला यातला जेमतेम एक तास मिळतो. कमिटीत बसणारे बहुतेक निवृत्त किंवा दहा ते सहावाले, त्यामुळे नियम त्यांच्या घड्याळावर झाले. त्यात दुष्टपणा नाही. रात्रपाळीवाला सभेच्या वेळी झोपलेला असतो, म्हणून त्याचं म्हणणं इतिवृत्तात येत नाही, एवढंच.

यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. घरदुरुस्तीचं काम जवळून बघितलेल्या कोणालाही विचारा. महिनाभर चालणाऱ्या कामात खरा कानठळ्या बसवणारा भाग थोड्याच दिवसांचा असतो. नहाणीतून खाली गळती लागली असं धरा. आधी जुनी फरशी आणि खालचा कोबा फोडून काढायचा. ही तोडफोड. मग विटांचे तुकडे आणि मसाला भरून नहाणी ट्रॅपकडे उतार द्यायचा, वॉटरप्रूफिंगचे हात मारायचे, पाणी तुंबवून निदान एक दिवस-रात्र ठेवायचं आणि खालच्या छताला ओल येते का बघायचं. मग फरशी, मग सांधे भरणं, मग रंग. पाणी तुंबवलेलं असताना घरात चिडीचूप असते. पुट्टी आणि रंगाचा आवाज शेजाऱ्याला ऐकूही येत नाही. आवाज आहे तो तोडफोडीचा, वायरिंगसाठी भिंतीत खाचा पाडण्याचा आणि टाइल कापणाऱ्या कटरचा. हे दिवस कंत्राटदाराला आधीच माहीत असतात. मग ‘३ तारखेपासून काम सुरू, गैरसोयीबद्दल क्षमस्व’ एवढंच फलकावर का लिहायचं? ‘तोडफोड सोमवारी आणि मंगळवारी, खाचा पाडणं शुक्रवारी’ असं लिहा. रात्री बारा तास उभी राहून आलेली सिस्टर त्या दोन दिवसांत बहिणीकडे झोपायला जाईल किंवा सुट्टी त्या दिवशी घेईल. आणि टाइल घरात न कापता खाली आवाराच्या कोपऱ्यात कापायला सांगा. एवढ्याने अर्धा प्रश्न सुटतो.

झोपेचं इतकं काय, असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं विज्ञान. शरीरातलं घड्याळ पेशींमध्ये कसं चालतं हे फळमाश्यांवर अभ्यास करून उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते घड्याळ मुख्यतः उजेडावर लागतं, इच्छाशक्तीवर लागत नाही. म्हणून दिवसाची झोप मुळातच तुटक आणि कमी होते; त्यात हातोडा पडला की उरतंच काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं, आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासणी करून रात्रपाळी त्याच गटात ठेवली. पाळी बदलताना सकाळ, मग दुपार, मग रात्र असा क्रम शरीराला त्यातल्या त्यात सोसतो. उलटा क्रम जास्त जड जातो. तरी ज्यांच्या हातात ड्यूटीचा तक्ता असतो ते माणसाकडे न बघता रिकाम्या रकान्यांकडे बघतात.

हिंजवडीत आणि ऐरोलीत, अमेरिकेच्या वेळेवर चालणाऱ्या कचेऱ्यांत, आणखी एक प्रकार चालतो. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि पुण्यातल्या मुलीचं जेवण, झोप, घरी सोडणारी गाडी, सगळं एक तास पुढे सरकतं. मार्चमध्ये पुन्हा उलटं. तिचा मोठा पगार सगळ्यांना दिसतो. तिची सरकलेली झोप घरच्यांनासुद्धा दिसत नाही. दुपारी बाराला अंथरुणात असलेल्या सुनेबद्दल नातेवाईक जे बोलतात ते बंद झालं पाहिजे.

आता वाचनाकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त राग तिथे आहे.

रात्रपाळीचा माणूस वाचत नाही, हा समज खोटा आहे. रात्री अडीच ते चार हा काळ ज्याने कामावर काढलाय त्याला विचारा. त्या वेळेला जाडजूड कादंबरी झेपत नाही, डोळे ओळीवरून घसरतात. पण कथा चालते, लेख चालतो, प्रवासवर्णनाचं एक प्रकरण चालतं. ‘मनोरंजन’चा १९०९ चा अंक आपला पहिला दिवाळी अंक मानला जातो, तेव्हापासून मराठीने हा जो साहित्यप्रकार जोपासला, तो पाळीत काम करणाऱ्यासाठीच जन्मला असावा असं मला मनापासून वाटतं. एका बैठकीत एक मजकूर संपतो, उरलेला उद्याच्या पाळीला. आमच्या कचेरीत ऑक्टोबरचे अंक मार्चपर्यंत टेबलांवरून फिरायचे, त्यांची पानं मऊ पडायची.

मग ग्रंथालयाची वेळ बघा. अनेक ठिकाणी सकाळी काही तास, संध्याकाळी काही तास, आठच्या आसपास दार बंद, आठवड्याची सुट्टी वेगळी. सकाळी रात्रपाळीवाला झोपेत. संध्याकाळी तो डबा भरून निघालेला. दुसऱ्या पाळीचा माणूस तर दुपारी तीनपासून रात्री अकरापर्यंत कामावरच. म्हणजे वर्गणी भरायची आणि पुस्तक बदलायला बायकोला नाहीतर मुलाला पाठवायचं. कपाटासमोर उभं राहून, दोन पुस्तकं चाळून, तिसरंच घरी आणायचं, हे सुख त्याच्या वाट्याला नाही.

आणि हे पूर्वी असं नव्हतं, हे जास्त लागतं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी आणि कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तीही आपल्या घरात. ज्याला दिवसा वेळ नाही त्याच्यासाठी शाळेने वेळ बदलायची, हा विचार त्यांना तेव्हा सुचला. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. लीगने गिरणी कामगारांसाठी रात्रीचे वर्ग चालवले, वाचनालयं काढली, फिरती वाचनालयं वस्तीत नेली. गिरणगावातल्या खोलीत माणसं पाळीपाळीने झोपायची, एक कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा. पुस्तक त्या वस्तीकडे चालत जायचं. नारायण सुर्वे त्याच गिरणगावात वाढले, गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, पुढे शिक्षक झाले. अण्णाभाऊ साठेंना शाळा जवळजवळ मिळालीच नाही. त्यांनी मुंबईत गिरणीत काम केलं आणि १९५९ साली ‘फकिरा’ दिली. कामगाराला वाचायला द्या, तो लिहीलही, याचा याहून मोठा पुरावा मराठीला नको.

ज्या डिलाईल रोडला आज ना. म. जोशींचं नाव आहे, त्याच्या आजूबाजूला आता काचेच्या कचेऱ्या आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबत गेले. पण पाळ्या परत आल्या. रात्री दीडला त्या कचेऱ्यांखाली चहाच्या सायकलींभोवती तरुण मुलं उभी असतात. त्यांच्यासाठी पुस्तकांची पेटी घेऊन कोणी येत नाही.

सरकारला चोवीस तासांची कल्पना परकी नाही. २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दुकानांना रात्रंदिवस, आठवड्याचे सातही दिवस उघडं राहायला वाट करून दिली. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत मॉल, उपाहारगृहं आणि चित्रपटगृहं रात्रभर चालवायला मंजुरी मिळाली. म्हणजे रात्री दोनला बूट विकत घेता यावेत याची काळजी झाली. ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडं राहावं ही काळजी त्या चर्चेत कोणी केल्याचं मला आठवत नाही.

माणसं कुठून आणायची, अनुदान कुठे पुरतं, हा प्रश्न ग्रंथालयाचे कार्यवाह विचारतील, आणि तो खरा आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड दर्जाप्रमाणे अनुदान मिळतं. ते तुटपुंजं आहे आणि सेवकांचा पगार ही आपल्या सगळ्यांच्या शरमेची गोष्ट आहे. अनुदान वाढलंच पाहिजे. पण मी जादा तास मागत नाही. तेवढेच तास वेगळे लावा. आठवड्यातले दोन दिवस सकाळचं सत्र बंद ठेवा आणि त्याऐवजी संध्याकाळी सहा ते दहा उघडा. रविवारी बंद ठेवायचं सोडा, सोमवारी सुट्टी घ्या. दारात एक कुलूपवाली पेटी लावा, पहाटे पाचला घरी जाणारा माणूस वाचून झालेलं पुस्तक त्यात टाकून जाईल. पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी रात्रभर चालणाऱ्या खाजगी अभ्यासिका आहेत, भाडं घेऊन खुर्ची आणि दिवा देतात. त्या चालतात याचा अर्थ रात्री वाचणारी माणसं शहरात आहेत.

आणि इमारतीच्या दारातल्या माणसाबद्दल. वॉचमनच्या हातात पुस्तक दिसलं की कमिटीला तो कामचुकार वाटतो. त्याच हातात मोबाइल असला तर कोणी बोलत नाही. रात्री तीनला माणसाला जागं ठेवायला चांगल्या गोष्टीइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. त्याच्या केबिनमध्ये डोळे फुटणार नाहीत असा दिवा लावा आणि घरातले वाचून झालेले अंक रद्दीत घालण्याआधी त्याला विचारा. त्याला हिंदी हवं असेल, भोजपुरी हवं असेल, मराठीच हवं असेल. विचारल्याशिवाय कळणार नाही.

पाळीतल्या माणसाला प्लंबरही त्याच्या वेळेला मिळत नाही, म्हणून त्यांच्यातले बरेच जण हळूहळू स्वतःच हात चालवायला शिकतात. ठिबकणाऱ्या जुन्या नळाचा वायसर बदलणं अवघड नाही: आधी मुख्य कॉक बंद करायचा, नळ उघडून उरलेलं पाणी काढायचं, पान्याने वरचा भाग सोडवायचा, झिजलेलं रबर काढून त्याच मापाचं बसवायचं. आट्यांना टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे. कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेलाचा थेंब. ही कामं दुपारी चारला, उठल्यावर, चहा पिता पिता होतात आणि शेजारी कोणाची झोप मोडत नाही. अशा कामांची साधी, चित्रं असलेली पुस्तकं ग्रंथालयात कादंबऱ्यांशेजारी असायला हवीत.

गृहनिर्माण सोसायट्यांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तुमच्याही सोसायटीची नोटीस लागेलच. त्या सभेत हात वर करा आणि दोन गोष्टी मागा. दुरुस्तीच्या प्रत्येक अर्जात तोडफोडीचे दिवस लिहून घ्यायचे आणि ते आठ दिवस आधी फलकावर लावायचे. आणि इमारतीत रात्रपाळीला कोण जातं याची, त्यांच्या संमतीने, एक यादी सचिवांकडे ठेवायची, म्हणजे ज्या मजल्यावर दिवसा कोणी झोपलेलं आहे तिथे काम केव्हा लावायचं ते मिस्त्रीला सांगता येईल. त्यानंतर तुमच्या ग्रंथालयाच्या कार्यवाहांना एक पत्र लिहा, खाली चार सभासदांच्या सह्या घ्या आणि संध्याकाळी सहा ते दहा ही वेळ मागा. तुमच्या घरात रात्रपाळीला जाणारं कोणी नसलं तरी हे करा. ज्यांना याची गरज आहे ते सभेच्या वेळी झोपलेले असतील.