सोडवलेलीच गणितं

ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते ते मुक्तस्रोत. नागपूरच्या प्रताप नगरात ही व्याख्या फार टिकत नाही. ‘वहिनी, तुमचा पोरगा काय करून राहिला?’ या कुंपणापलीकडच्या काकूंच्या प्रश्नाला एम.एस्सी. झालेल्या मुलाच्या आईने ती ऐकवली, की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे फुकटच ना?’

फुकटाची ही सवय संगणकाने लावलेली नाही, विज्ञानानेच लावली आहे. शोधनिबंध लिहिण्याचे पैसे मिळत नाहीत, दुसऱ्याचा तपासण्याचेही नाहीत. मुक्तस्रोतात निबंधाऐवजी पॅच, म्हणजे संहितेतला बदल, पाठवायचा. खरडपट्टी तीच, फक्त सहा महिन्यांऐवजी रात्रीतून मिळते. म्हणून या क्षेत्रातली बरीच अवजारे विज्ञानवाल्यांनीच घडवली. आलेख काढणारे मॅटप्लॉटलिब मेंदूशास्त्रज्ञ जॉन हंटर याचे. आयपायथन फर्नांडो पेरेझ याने 2001 साली भौतिकशास्त्रात पीएच.डी. करताना लिहिले. (प्रबंधाच्या दिवसांत माणूस काहीही करतो, काहीजण कपाट आवरतात.) त्रिमितीय चित्रे काढणारे ‘मायावी’ आयआयटी मुंबईत विमानविद्या शिकवणाऱ्या प्रभु रामचंद्रन यांचे. वालीने मारलेल्या राक्षसाचेही नाव हेच, हे काकू लगेच सांगतात.

विज्ञानाच्या पदवीचा एक संस्कार मात्र इथे अडचणीचा ठरतो. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला लंबकावरून गुरुत्वत्वरण काढताना 980 हे उत्तर आधी लिहून निरीक्षणे उलटीकडून भरण्याची थोर परंपरा आहे. सॉफ्टवेअरची स्वयंचलित चाचणी असल्या जर्नलवर सही करत नाही. उत्तर जुळत नाही म्हणून चाचणीतली अपेक्षाच बदलणे हा त्या परंपरेचा नवा अवतार. पण संहितेतल्या बदलांची नोंद ठेवणारे, 2005 साली आलेले गिट हे पापही नाव, तारीख आणि वेळेसह जपून ठेवते. त्या जर्नलमध्ये खाडाखोड चालते, पण तीही दिसते.

पैसे अजिबात नसतात असे नाही. काही कंपन्या याच कामासाठी पगारी माणसे ठेवतात. शिवाय आयआयटी मुंबईचा, केंद्र सरकारच्या निधीवर चालणारा फॉसी प्रकल्प आहे. महागड्या परवान्यांच्या सॉफ्टवेअरवाचून महाविद्यालयांचे अडू नये, हा त्याचा हेतू. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणे सायलॅब या गणिती मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा सोडवून देणाऱ्यांना तो मानधन देत आला आहे. उत्तर पुस्तकाशी जुळावे लागते. जुळले नाही तर चूक आपली की छापखान्याची, हे शोधण्यात विज्ञानवाल्याचा रविवार आनंदात जातो.

मानधन जमा झाल्याचे कळले, की कुंपणापलीकडचा प्रश्न बदलतो: ‘सोडवलेलीच गणितं सोडवायचे पैसे देऊन राहिले?’